हाडातल्या पिवळ्या रेघा

१७३६ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले सर्जन जॉन बेल्चियर एका छीट छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवायला गेले. पानात डुकराचं मांस आलं आणि त्यातली हाडं लाल निघाली. यजमानांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. छापलेल्या कापडावरचा जास्तीचा रंग काढायला कारखान्यात कोंडा वापरत आणि वापरून झालेला तो कोंडा डुकरांपुढे टाकत. रंग होता मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाच्या मुळीचा. (सुती कापडावर हा लाल पक्का बसवण्याची विद्या युरोपनं आपल्याकडच्या छिटांवरूनच उचलली होती.) मांस आणि चरबी जशीच्या तशी होती, रंगली होती ती फक्त हाडं. बेल्चियर यांनी मुद्दाम एका कोंबड्याला ही मुळी खाऊ घालून खात्री करून घेतली आणि रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर दोन छोटी टिपणं छापली.

हाड म्हणजे शरीराच्या आतला एक निर्जीव सांगाडा, या समजुतीला त्या जेवणानं पहिला धक्का दिला. खाल्लेलं हाडात जात असेल तर तिथे काहीतरी सतत घडत असणार. फ्रान्समधले वनस्पती-अभ्यासक द्युआमेल द्यु मोंसो यांनी पुढच्या काही वर्षांत जनावरांना ही मुळी कधी दिली, कधी बंद केली. हाडं कापल्यावर त्यांना लाल आणि पांढरे थर आलटून पालटून दिसले. मग लंडनच्या जॉन हंटर यांनी डुकरांवर तेच प्रयोग करून दुसरी बाजू दाखवली. हाडावर बाहेरून नवा थर चढतो, तसा आतून जुना थर काढूनही टाकला जातो. वाढीच्या वयात हाडाचा आकार टिकतो तो या दुहेरी कामामुळे.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकानं हे काम करणाऱ्यांचे चेहरे दाखवले. वुर्झबर्गच्या अल्बर्ट कोलिकर यांनी १८७३ साली हाड खाणाऱ्या, अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशींना ‘ऑस्टिओक्लास्ट’ असं नाव दिलं. हाड घडवणाऱ्या पेशी ‘ऑस्टिओब्लास्ट’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथ लिहून मांडलं, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलत जाते. म्हणजे पाडणारे आणि बांधणारे दोघंही सापडले होते, आणि त्यांच्या कामाला काही हिशोब आहे हेही कळलं होतं. तो हिशोब मोजायचा कसा, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मंजिष्ठ खाऊ घालून माणसं कापता येत नाहीत. शिवाय हाड इतकं कठीण, की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याइतका पातळ काप काढायचा तर आधी ते आम्लात बुडवून त्यातला चुना काढून टाकावा लागे. जे पाहायचं तेच धुऊन जाई.

पुढची साठ-सत्तर वर्षं या अडचणीत गेली, आणि विसाव्या शतकातल्या एका फार मोठ्या डॉक्टरची गफलतही याच अडचणीतून झाली.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले फुलर ऑलब्राइट म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्राचे तिथले भीष्माचार्य. पाठीला पोक आलेल्या, उंची कमी झालेल्या, साध्या वाकण्यानं मणका दबलेल्या बायका त्यांच्याकडे येत. म्हातारपणाचं दुखणं म्हणून इतरांनी सोडून दिलेल्या या तक्रारीत ऑलब्राइट यांना एक आकडा दिसला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९४१ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो छापला. दुसरं कुठलंही कारण न सापडलेले, ६५ वर्षांखालचे ४२ रुग्ण. त्यातल्या ४० बायका, आणि त्या सगळ्यांची पाळी गेलेली. ‘रजोनिवृत्तीनंतरचा ऑस्टिओपोरोसिस’ हा आजार वैद्यकात दाखल झाला तो या निबंधानं.

इतकं अचूक निरीक्षण करणाऱ्या माणसानं त्याचं कारण मात्र उलटं लावलं. तेव्हा पक्ष्यांवरचे काही प्रयोग गाजत होते. शिकागोच्या संशोधकांनी १९३४ साली दाखवलं होतं, की अंडी घालण्याच्या आधी कबुतरीच्या हाडांची पोकळी नव्या हाडानं भरून येते. अंड्याच्या कवचासाठी लागणाऱ्या चुन्याचा तो साठा. नर पक्ष्याला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक टोचलं तरी तसंच होतं. ऑलब्राइट यांनी यावरून ठरवलं, की इस्ट्रोजेन बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतं. पाळी गेली, इस्ट्रोजेन आटलं, बांधणारे बसून राहिले, हाड विरळ झालं. दिसायला निर्दोष तर्क. त्यांच्या वॉर्डात रुग्णाच्या ताटातला घास न् घास वजन करून दिला जाई, मल-मूत्र गोळा करून त्यातलं कॅल्शियम मोजलं जाई. इस्ट्रोजेन दिल्यावर बाहेर जाणारं कॅल्शियम खरोखरच घटलं. पण शरीरात किती गेलं आणि किती बाहेर पडलं यातून फक्त फरक कळतो. भिंत खचली एवढं त्यातून समजतं. बांधणारे थांबले की पाडणारे वाढले, हे समजत नाही.

ऑलब्राइट यांना स्वतःची ही चूक दुरुस्त करायची संधी मिळाली नाही. तिशीतच जडलेला कंपवात बळावत गेला. १९५६ साली त्यांनी मेंदूवर एक प्रायोगिक शस्त्रक्रिया करून घेतली. रक्तस्राव झाला आणि १९६९ साली मृत्यू येईपर्यंतची १३ वर्षं ते वाचा गमावून अंथरुणावर होते. बाहेर त्यांचा सिद्धांत पाठ्यपुस्तकांतून शिकवला जात होता.

तो ज्यानं मोडला ते पहिलं साधन एक अँटिबायोटिक होतं. टेट्रासायक्लिन १९५०च्या दशकात बाजारात आलं आणि लाखो लोक ते गिळू लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या मिल्च, रॉल आणि टोबी या संशोधकांना १९५७ साली आढळलं, की ते दिलेल्या जनावरांची हाडं अतिनील प्रकाशात पिवळी चमकतात. कारण साधं होतं: हे औषध कॅल्शियमला चिकटतं, आणि हाडात ज्या जागी त्या दिवसांत नवा चुना बसत असेल नेमकं तिथेच अडकून राहतं. लहानपणी हे औषध दिलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पाहिलेले वाचक आजही भेटतील. त्या पट्ट्यांमागचं कारणही हेच. म्हणजे जे काम मंजिष्ठेनं डुकरांत केलं, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनं माणसांत आधीच होऊन बसलं होतं.

त्याचं मोल ओळखलं डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलमधल्या हॅरल्ड फ्रॉस्ट यांनी. फ्रॉस्ट हे हाडांचे सर्जन. प्रयोगशाळेत वाढलेले शास्त्रज्ञ नव्हेत. बहुतेक म्हणूनच त्यांना आम्लात हाड बुडवण्याची रीत पवित्र वाटली नाही. १९५८ साली त्यांनी एक पद्धत छापली, तिची सामग्री कुठल्याही सुताराकडे मिळेल अशी होती: हाडाचा तुकडा पाण्यात भिजवत हातानं पॉलिश पेपरवर घासत जायचा, प्रकाश आरपार जाईपर्यंत. चुना जागच्या जागी राहतो, पिवळ्या रेघाही राहतात. नमुने बहुतेक बरगड्यांचे.

मग त्यांनी काळ मोजायला सुरुवात केली. टेट्रासायक्लिन काही दिवस द्यायचं, मधे ठरावीक दिवस थांबायचं, पुन्हा द्यायचं आणि मग हाडाचा तुकडा काढायचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन समांतर पिवळ्या रेघा दिसतात. त्यांच्यामधलं अंतर भागिले मधले दिवस, हा झाला हाड बांधण्याचा वेग. माणसाच्या हाडात तो दिवसाला एका मायक्रॉनहून थोडा कमीच भरतो. केसाच्या जाडीइतकं हाड चढायला दोन-तीन महिने. सव्वादोनशे वर्षांपूर्वी द्युआमेलनं जे थर नुसते पाहिले होते, त्यांच्यावर आता तारीख घालता येत होती. टोकदार बुद्धीच्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

फ्रॉस्ट यांना काय दिसलं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या माणसाच्या हाडात पाडणारे एकीकडे आणि बांधणारे दुसरीकडे असं स्वैर काम चालत नाही. काम छोट्या छोट्या जागी, टोळीनं चालतं. एक जागा निवडली जाते. ऑस्टिओक्लास्ट येऊन काही आठवड्यांत तिथे खड्डा करतात. ते गेल्यावर त्याच खड्ड्यात ऑस्टिओब्लास्ट उतरतात आणि तीन-चार महिने घेऊन तो भरतात. आधी चालना, मग पाडकाम, मग बांधकाम. हा क्रम कधी उलटत नाही. अशा जागा कुठल्याही क्षणी प्रौढ माणसाच्या सांगाड्यात दहा लाखांहून अधिक चालू असतात, आणि त्यातून दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो. या टोळीला फ्रॉस्ट यांनी ‘बेसिक मल्टिसेल्युलर युनिट’ हे नाव दिलं. मराठीत तिला नुसतं दुरुस्तीची टोळी म्हटलं तरी चालेल.

आता ऑलब्राइट यांच्या बायकांकडे परत वळा. चाळिशीनंतर प्रत्येक खड्डा भरताना किंचित कमी भरतो. ही तूट फार लहान. पण पाळी गेल्यावर एकाच वेळी उघडलेल्या खड्ड्यांची संख्याच खूप वाढते. लहान तूट गुणिले पुष्कळ जागा, म्हणजे हाडाची मोठी हानी. बांधणारे बसून राहिलेले नसतात. उलट ते पूर्वीपेक्षा जास्त जागी राबत असतात, आणि तरीही मागे पडतात. इस्ट्रोजेनचं मुख्य काम नव्या जागा उघडू न देण्याचं होतं. ते गेलं आणि दारं उघडी पडली. ऑलब्राइट यांचं औषध बरोबर होतं, पण ते का लागू पडतं याचं त्यांनी दिलेलं कारण चुकीचं होतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, तिनं पुढे अनेक औषध कंपन्यांचा विरस केला. समजा, नव्या जागा उघडणं बंद करणारं औषध दिलं. आधीचे अर्धवट खड्डे भरत राहतात, नवे पडत नाहीत. वर्षभर हाडाची घनता वाढते, डॉक्टर खूश, रुग्ण खूश. मग जुने खड्डे संपतात आणि वाढ मंदावते. ही खरी नवी भर नव्हे, राहिलेलं काम पुरं झालं एवढंच. तेव्हा हाडांच्या औषधाची परीक्षा वर्षभरात आटोपली तर तिचा निकाल फसवा येणार, आणि पाडकाम थांबवलं की काही महिन्यांनी बांधकामही उतरणार. फ्रॉस्ट हे कंठशोष करून सांगत होते. त्यांच्याच संस्थेत पुढे आलेल्या मायकेल पारफिट यांनी हा हिशोब अधिक काटेकोर केला आणि १९८७ साली त्यांच्या समितीनं मोजमापाची एक सामाईक परिभाषा ठरवून दिली. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपली भाषा बोलत होती.

फ्रॉस्ट यांचं ऐकायला लोकांनी वेळ लावला, याचा दोष थोडा त्यांच्याकडेही जातो. ते शेकडो निबंध लिहीत, पानोपानी नवे शब्द घडवत, आणि वाचणारा दमेल याची पर्वा करत नसत. त्यांचे विचार पसरले ते निबंधांपेक्षा बैठकांतून. युटा विद्यापीठातल्या वेबस्टर जी यांनी १९६५ साली आयडाहोमधल्या सन व्हॅली या डोंगराळ गावी हाडांवर काम करणाऱ्यांची एक अनौपचारिक कार्यशाळा सुरू केली. शल्यविशारद, अभियंते, जनावरांचे डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ एका खोलीत बसून भांडत. पुढच्या पिढीचे बरेच संशोधक या भांडणांत तयार झाले. फ्रॉस्ट यांचे सगळेच आडाखे खरे ठरले असंही नाही. टोळ्यांना आधी एकदम चालना द्यायची, मग पाडकाम दाबायचं, मग बांधकामाला मोकळं सोडायचं अशी चक्राकार उपचारपद्धती त्यांनी १९७०च्या दशकाअखेरीस सुचवली. कागदावर ती देखणी होती, रुग्णांवर टिकली नाही.

पाडकाम थांबवणारं औषध आलं ते भलत्याच दिशेनं. स्वित्झर्लंडचे हर्बर्ट फ्लाइश अमेरिकेत रॉचेस्टरला विल्यम न्यूमन यांच्याकडे शिकत असताना त्यांना एक कोडं पडलं होतं: रक्तात हाड बनण्याइतकं कॅल्शियम आणि फॉस्फेट असतं, तरी आपली कातडी आणि रक्तवाहिन्या दगड का होत नाहीत? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवलं, की रक्तात आणि लघवीत पायरोफॉस्फेट असतं आणि ते चुन्याचे खडे धरू देत नाही. हाच पदार्थ कारखान्यांतल्या नळांत क्षार साचू नयेत म्हणून वापरात होता. तोंडानं घेतला तर मात्र तो पोटात फुटून जाई. मग साबण आणि टूथपेस्ट बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचे रसायनशास्त्रज्ञ मॅरियन फ्रान्सिस यांच्याबरोबर फ्लाइश आणि ग्रॅहम रसेल यांनी त्याचा न फुटणारा भाऊबंद शोधला: बिस्फॉस्फोनेट. १९६९ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधांनी सांगितलं, की हा पदार्थ हाड विरघळू देत नाही. पहिलं औषध एटिड्रोनेट जास्त मात्रेत दिलं की नवं हाडही कच्चं राहत होतं. हे उघड झालं तेही टेट्रासायक्लिनमुळे. अशा रुग्णांच्या हाडात पिवळ्या रेघा उमटतच नव्हत्या.

मधल्या काळात या गोष्टीतला सगळ्यात अनपेक्षित वळणाचा प्रश्न विचारला गेला: टोळीला हुकूम कोण देतो? रोमानियात जन्मलेले आणि पुढे मर्क कंपनीत हाडांचं संशोधन उभं करणारे गिडिओन रोडान आणि मेलबर्नचे जॉन मार्टिन यांनी १९८१ साली एक नुसतं गृहीतक छापलं. हाड पाडायला लावणारी संप्रेरकं पाडणाऱ्या पेशींशी थेट बोलतच नाहीत. ती बांधणाऱ्या पेशींशी बोलतात, आणि बांधणारे पाडणाऱ्यांना बोलावतात. अनेकांना हे विक्षिप्त वाटलं. टोकियोत तात्सुओ सुदा यांच्या गटानं १९८८च्या सुमारास बांधणाऱ्या पेशींच्या सहवासाशिवाय ऑस्टिओक्लास्ट तयार होत नाहीत हे दाखवलं, पण निरोपाचा रेणू सापडेना. १९९७ साली तो दोन टोकांकडून सापडला. कॅलिफोर्नियाच्या अॅमजेन कंपनीत एका अनोळखी जनुकाचं काम कळावं म्हणून उंदरांत ते जास्त चालवून पाहिलं, तर उंदरांची हाडं कमालीची दाट झाली. आणि जपानमध्ये स्नो ब्रँड या दूध कंपनीच्या संशोधकांनी हेच प्रथिन स्वतंत्रपणे वेगळं केलं. ते ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे पाडणाऱ्यांना अडवणारं. वर्षभरात ते ज्याला पकडून ठेवतं तो खरा निरोप्याही दोन्ही गटांना मिळाला: रँक-लिगंड. रोडान आणि मार्टिन यांचं म्हणणं खरं ठरलं होतं.

एव्हाना आजाराची व्याख्याही झाली होती. तरुण निरोगी बाईच्या सरासरीपेक्षा घनता २.५ प्रमाण-विचलनांनी कमी भरली तर ऑस्टिओपोरोसिस, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ठरवलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत अॅलेंड्रोनेट या बिस्फॉस्फोनेटला मान्यता मिळाली. आधीच मणका मोडलेल्या २,०२७ बायकांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या १५ टक्के बायकांचा नवा मणका मोडला, औषध घेणाऱ्या ८ टक्क्यांचा. इस्ट्रोजेनचं राज्य मात्र २००२ साली संपलं. १६,६०८ बायकांच्या अमेरिकी चाचणीत संप्रेरकांनी खुब्याची मोडतोड एक तृतीयांशानं कमी केली खरी, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढल्यानं चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. २०१० साली रँक-लिगंडला पकडणारं डेनोसुमॅब हे इंजेक्शन आलं. ७,८६८ बायकांच्या चाचणीत तीन वर्षांत मणका मोडण्याचं प्रमाण त्यानं ७.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आणलं.

पाडकाम इतकं दाबण्याची किंमतही पुढे आली. २००३ साली बिस्फॉस्फोनेट घेणाऱ्यांच्या जबड्याचं हाड मरण्याच्या घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांना कर्करोगासाठी ते मोठ्या मात्रेत, शिरेतून दिलं जात होतं. वर्षानुवर्षं गोळ्या घेतलेल्या काहींची मांडी किरकोळ कारणानं आडवी मोडू लागली. दुरुस्ती थांबलेल्या हाडात बारीक तडे साचणार, ही शंका फ्रॉस्ट यांनी आधीपासून बोलून दाखवली होती. २००४ साली ते वारले. जबड्याच्या आणि मांडीच्या या घटना अगदी विरळ आहेत आणि वाचलेल्या मोडतोडीच्या मानानं फारच थोड्या, हेही सांगायला हवं. त्यांच्या धास्तीनं गरजूंनी औषध टाकणं हा अधिक मोठा तोटा आहे.

आपल्याकडेही आता आई, मावशी, आजी या औषधांवर आहेत. अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हा नियम अन्ननलिकेला जखम होऊ नये म्हणून आहे. गोळी बंद केल्यावरही तिचा अंश हाडात वर्षानुवर्षं राहतो, त्यामुळे डॉक्टर काही वर्षांनी तिला सुट्टी देतात. डेनोसुमॅबला अशी सुट्टी नाही. ते हाडात साठत नाही. दर सहा महिन्यांचं इंजेक्शन चुकलं की दाबून ठेवलेल्या सगळ्या जागा एकदम उघडतात, आणि काही रुग्णांचे दोन-तीन मणके लागोपाठ दबल्याचं नोंदलेलं आहे. घरात कुणी हे इंजेक्शन घेत असेल तर पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि थांबवायचं झालं तर त्याऐवजी कुठलं औषध सुरू करायचं हे डॉक्टरांना आधी विचारा.